शिफ्टचे घड्याळ आणि साडेसातची मालिका

भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक लहान-मध्यम कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते ती गुरुवारी. विजेचा भार आठवड्याच्या वेगवेगळ्या वारांवर वाटून देण्यासाठी ठरलेला हा वार आता इथल्या जगण्यात मुरला आहे. दवाखाना, बँक, लग्नाची खरेदी, मुलांचे दाखले, सगळे गुरुवारी. मुंबईत वाहिन्यांच्या कार्यालयांतही गुरुवार हाच महत्त्वाचा वार असतो. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून प्रेक्षकसंख्येचे जे आकडे 'बार्क' ही संस्था काढते, ते पुढच्या गुरुवारी हाती पडतात. चिखलीतला एखादा टर्नर आठवड्यातून एकदाच घरच्यांबरोबर टीव्हीसमोर निवांत बसतो, त्याच दिवशी त्या घरातली मालिका राहणार की जाणार याचा हिशेब तिकडे मांडला जात असतो.

नवी मालिका सुरू झाली की असा हिशेब प्रत्येक घर आपल्या परीने मांडते. 'ही चालणार', 'ही दिवाळीपर्यंतसुद्धा टिकायची नाही', 'हिरोईन चांगली आहे पण सासू जमली नाही' असे निकाल पहिल्याच आठवड्यात लागतात. मला हा छंद मोलाचा वाटतो. दैनंदिन मालिका अकाली बंद पडते तेव्हा लेखक, कलाकार, स्पॉटदादा, कपडेपट सांभाळणारे अशा कितीतरी जणांचे महिन्याचे उत्पन्न थांबते, आणि एखाद्या बाईच्या संध्याकाळची सोबत अर्ध्यावर तुटते. म्हणून अंदाज कशावरून बांधायचा, हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. कथेवरून, चेहऱ्यावरून, प्रोमोवरून बांधलेले अंदाज बहुतेक चुकतात. मालिका तगते की नाही हे घराच्या घड्याळावर ठरते, आणि आपल्या या पट्ट्यात घराचे घड्याळ कारखाना लावतो.

अमेरिकेत मालिकेचा 'सीझन' असतो. ठरावीक भाग दाखवतात, मग पुढच्या वर्षी परत आणायची की नाही ते ठरते. आपल्याकडे अशी सोय जवळजवळ नाहीच. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली, संपली, २०१९ मध्ये दुसरे पर्व घेऊन आली आणि २०२१ मध्ये तिसरे. पण तो अपवाद. आपली मालिका सुरू होते तीच शेवट न ठरवता. तिचा पहिला सीझन म्हणायचाच तर तो पहिल्या तेरा आठवड्यांचा, म्हणजे वर्षाच्या एका तिमाहीचा. आठवड्याला सहा भाग धरले तर अठ्ठ्याहत्तर भाग. एवढ्यात तिचे भवितव्य बरेचसे कळते.

चाकण, महाळुंगे, निघोजे इथल्या कारखान्यांत क्वालिटी विभागात काम करणाऱ्यांना यंत्राच्या सुट्या भागांच्या आयुष्याचा एक आलेख पाठ असतो. न्हाणीतल्या टबासारखा त्याचा आकार, म्हणून त्याला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात. नवा भाग बिघडण्याची शक्यता सुरुवातीला जास्त असते. ओतकामातला, जोडणीतला दोष असेल तर तो लगेच बाहेर येतो. तो टप्पा पार पडला की आलेख सपाट होतो आणि भाग वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. शेवटी झिजेचा काळ येतो आणि आलेख पुन्हा चढतो. मालिकांचा मृत्यूही पहिल्या टप्प्यात असाच होतो. फरक पुढे पडतो. बेअरिंग जुने झाले म्हणून मजबूत होत नाही. मालिका मात्र जितके दिवस चालते तितकी घट्ट होत जाते, कारण तिच्याभोवती घराची वेळ बांधली जाते. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग. तिच्या दहाव्या वर्षी कथेत पहिल्या वर्षापेक्षा काही जास्त होते असे कुणी म्हणणार नाही. जास्त झाली होती ती सवय. सुरुवातीला शाळेत जाणाऱ्या मुली तोवर लग्न होऊन सासरी गेल्या होत्या आणि तिथेही तीच मालिका लागत होती.

ऑगस्ट २०२१ च्या सुमारास झी मराठीने थोड्याच दिवसांच्या अंतराने एकामागोमाग एक नव्या मालिका आणल्या. 'माझी तुझी रेशीमगाठ', 'मन झालं बाजिंद', 'मन उडू उडू झालं', 'ती परत आलीये', 'तुझ्या माझ्या संसाराला आणि काय हवं'. वाहिनी तीच, जाहिरातीचा जोर तोच, ऋतू तोच. तुलना करायला याहून चांगला नमुना मिळणार नाही. यातली 'रेशीमगाठ' जानेवारी २०२३ पर्यंत चालली. बाकीच्या २०२२ संपण्याआधीच संपल्या. सरळ उत्तर असे की तिच्यात श्रेयस तळपदे होता आणि तिच्यातल्या छोट्या मुलीने, परीने, घराघरांत लळा लावला. ते खरेच आहे. पण ती साडेआठला लागायची आणि तिच्यात लहान मूल होते, या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. त्या वेळेला घरातली मुले जागी असतात, आजी-आजोबा जेवायला बसलेले असतात, जनरल शिफ्टचा माणूस परतलेला असतो. तीन पिढ्या एका खोलीत असतात आणि रिमोट कुणाच्या हातात असावा यावर वाद नको असतो. परीने तो वाद मिटवला. हीच मालिका रात्री साडेदहाला लावली असती तर श्रेयस तळपदेनेही ती तगवली नसती, असे माझे मत आहे.

इथल्या घराचा दिवस कसा जातो ते पाहू. फर्स्ट शिफ्ट सकाळी सात ते दुपारी साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री बारा, थर्ड बारा ते सकाळी सात. कंपनीगणिक अर्धा तास इकडेतिकडे. शिफ्ट आठवड्याने किंवा पंधरवड्याने बदलते, आणि माणसाबरोबर अख्खे घर बदलते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात बाई पहाटे साडेचारला उठून डबा करते. बस कोपऱ्यावर सहाला येते. त्या आठवड्यात रात्री दहानंतर घरात दिवा नको असतो, म्हणजे दहानंतरची प्रत्येक मालिका त्या घरापुरती नाहीच. सेकंडच्या आठवड्यात नवरा दुपारी अडीचला निघतो आणि मध्यरात्रीनंतर परततो. संध्याकाळी सात ते साडेदहा टीव्हीवर राज्य बाईचे, तिच्या सासूचे आणि मुलांचे. थर्डच्या आठवड्यात माणूस दिवसा झोपलेला असतो. दोन खोल्यांच्या घरात तेव्हा दुपारचे पुनःप्रक्षेपण आवाज बंद करून पाहावे लागते, किंवा पाहायचेच नाही.

अशा घरात कोणती मालिका मूळ धरेल? तिन्ही आठवड्यांत ज्या वेळेला धक्का लागत नाही, त्या वेळेची. थेरगाव, काळेवाडी, मोशी, चिखली इथल्या बायकांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली आहे. त्यांना मालिकेचे नाव नीट आठवत नाही, पण 'साडेसातची' म्हटले की लगेच कळते. वेळ हीच तिची ओळख. साडेसात म्हणजे भाजी फोडणीला पडलेली, कणीक मळलेली, मुले अभ्यासाला बसवलेली. स्वयंपाकघर आणि टीव्ही यांच्यामध्ये एक भिंत किंवा नुसता पडदा. त्या वेळची मालिका बघण्यापेक्षा ऐकली जास्त जाते. म्हणून जिच्यात संवाद ठळक आहेत, आवाजावरून पात्र ओळखू येते आणि दहा मिनिटे पोळ्या लाटण्यात गेली तरी धागा सुटत नाही, ती टिकते. शहरी समीक्षक ज्याला पुनरावृत्ती म्हणून नावे ठेवतात, ती या बाईची गरज आहे. पहिल्या महिन्यात नुसत्या चेहऱ्यांवर, नजरांवर, शांततेवर चालणारी साडेसातची मालिका मी पाहिली की मला तिची काळजी वाटू लागते. ती वाईट असते असे नाही, चुकीच्या वेळी आलेली असते.

'आई कुठे काय करते'ची गोष्ट इथे मोलाची आहे. २३ डिसेंबर २०१९ रोजी ती स्टार प्रवाहवर सुरू झाली. तीन महिने पुरे होत नाहीत तोच मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबले. कोणतीही नवी मालिका अशा खंडाने मेली असती. ही पाच वर्षे चालली, आणि त्याच काळात स्टार प्रवाहने झी मराठीची वर्षानुवर्षांची आघाडी मोडली. याची कारणे कथेत शोधली जातात. मला वाटते, टाळेबंदीच्या त्या महिन्यांत चाकणपासून आकुर्डीपर्यंत शिफ्टचे भोंगे बंद होते आणि या पट्ट्याच्या हयातीत बहुधा पहिल्यांदाच सगळ्या घरांचे घड्याळ एक झाले. जुन्या मालिकांभोवती बांधलेल्या वेळा सुटल्या. जुलै २०२० मध्ये नवे भाग सुरू झाले तेव्हा प्रत्येक घराने आपली संध्याकाळ नव्याने मांडली, आणि त्या मांडणीत ज्या वाहिनीने आपल्या वेळा पक्क्या केल्या तिला जागा मिळाली. एरवी सवय मोडून आत शिरायला नव्या मालिकेला वर्ष लागते. तेव्हा दार उघडेच होते. पुढे मार्च २०२४ मध्ये 'घरोघरी मातीच्या चुली'साठी हीच मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला हलवली गेली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला तिने निरोप घेतला. अडीच ही सेकंड शिफ्टच्या घरात डबा भरून देण्याची वेळ. मालिकेच्या नायिकेवर, अरुंधतीवर, प्रेम करणाऱ्या कितीतरी बायकांचे तिच्याशी असलेले नाते तेव्हाच सैल झाले. कथेपेक्षा वेळ बदलल्याने ते घडले, असे मला ठामपणे वाटते.

वाहिन्यांनाही अंदाजाची भीती वाटते, म्हणून त्यांनी एक सुरक्षित वाट शोधली आहे. दुसऱ्या भाषेत टिकलेली मालिका आणायची. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून, 'रंग माझा वेगळा' मल्याळम 'करुतमुत्तु'वरून, 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून. एका कारखान्यात तपासून मंजूर झालेला भाग दुसऱ्या कारखान्याने डोळे मिटून घ्यावा, तसा हा व्यवहार. त्यात गैर काही नाही, आणि डिसेंबर २०२२ पासून 'ठरलं तर मग'ने मिळवलेले यश खरे आहे. माझी तक्रार वेगळी आहे. बाहेरून आलेल्या कथेत घर, सून, संपत्ती, कट हे सगळे असते, पण गाव नसते. या पट्ट्यात राहणारी माणसे साताऱ्याहून, सांगलीहून, लातूर-बीडहून, जळगाव-बुलढाण्याहून आली आहेत. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' आली तेव्हा तिच्यात मोठे नाव नव्हते. सातारकडची बोली होती, सैन्यात भरती व्हायला धडपडणारा मुलगा होता. ती दोन वर्षे चालली. चाकणच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या सातारच्या बाईला त्या अर्ध्या तासात माहेरचे बोलणे ऐकू यायचे. दुसऱ्या भाषेतल्या यशाचे आकडे पाहून हा अंदाज कुणालाही बांधता आला नसता.

पुढे काय होणार या उत्सुकतेवर मालिका चालते, असे सर्रास म्हटले जाते. याचे खंडन करणारे उदाहरण आपल्या दारातच आहे. 'स्वराज्यरक्षक संभाजी' सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली. तिचा शेवट काय, हे पहिल्या दिवशी प्रत्येकाला ठाऊक होते. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचे तुळापूर आळंदीहून किती दूर आहे! १६८९ चा तो प्रसंग या मातीत घडला हे इथल्या मुलामुलांना माहीत आहे. तरीही लोक रोज त्या शेवटाकडे चालत गेले, आणि शेवट जवळ आला तसे जास्त ओढीने. ही मालिका चालू असतानाच, २०१९ मध्ये, संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. चाकण आणि भोसरी दोन्ही त्याच मतदारसंघात येतात. निवडणुकीची कारणे अनेक असतात आणि त्यांत शिरायचे मला कारण नाही. मी एवढेच पाहतो की रोज रात्री घरात येणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचे नाते किती खोल जाऊ शकते. त्या नात्याला रहस्य लागत नाही. रोजची भेट आणि भेटीची पक्की वेळ लागते.

मात्र जे मोजले जाते ते या नात्याचा किती भाग पकडते? 'बार्क'चे मीटर टीव्हीला जोडलेले असते. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ते ओळखते, आणि घरातल्या प्रत्येक माणसाने बघायला बसताना आपल्या नावाचे बटण दाबायचे असते. फोडणीसमोर उभी राहून संवाद ऐकणारी बाई ते बटण दाबायला हात पुसून बाहेर येते का? संपूर्ण देशात अशी मीटरची घरे २०२२ च्या सुमारास साधारण पंचावन्न हजार होती, आणि टीव्ही असलेली घरे एकवीस कोटींच्या आसपास. एका मीटरमागे साडेतीन-चार हजार घरे. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या वर होती. याच प्रमाणाने निव्वळ हिशेब केला तर तेव्हाच्या अख्ख्या शहराच्या वाट्याला शंभर-सव्वाशे मीटर येतात. नमुना पाहणीचे शास्त्र एवढ्यावरही चांगले चालते, ते मी नाकारत नाही. पण एखाद्या नव्या मालिकेचा आकडा एका आठवड्यात थोडा खाली आला म्हणून तिचे भवितव्य ठरवताना, त्या फरकामागे किती थोडी घरे असतील याचे भान ठेवायला हवे.

आणि सगळ्या घरांचे वजन जाहिरातदाराला सारखे नसते. घराचा स्तर ठरतो तो मुख्य कमावत्या माणसाच्या शिक्षणावरून आणि अकरा गोष्टींपैकी किती घरात आहेत यावरून. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. त्यातल्या दुचाकी आणि मोटारी आमच्या पट्ट्यात बनतात. शेतजमीन ही चाकणच्या आजूबाजूच्या गावांनी याच कारखान्यांसाठी दिलेली गोष्ट. मोटारीचे दार बसवणारा कंत्राटी मुलगा स्वतः त्या यादीत खूप खाली असतो. तो नाणेकरवाडीत किंवा खराबवाडीत 'कॉट बेसिस'वर राहतो. खोलीत सहा कॉट, एक पंखा, टीव्ही नाही. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री एकला तो फोनवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'चा तुकडा बघतो आणि झोपतो. २०१८ पासून तो कार्यक्रम लोकांच्या मनात टिकून आहे, त्यात अशा फोनवरच्या प्रेक्षकाचा वाटा मोठा आहे असे मी मानतो. टीव्हीला जोडलेल्या मीटरच्या लेखी मात्र हा मुलगा कुठेच नसतो.

पहिल्या आकड्यांवर भरवसा ठेवला असता तर काय गमावले असते, याची उदाहरणे जगभर आहेत. अमेरिकेतली 'चीअर्स' १९८२ मध्ये सुरू झाली तेव्हा क्रमवारीत जवळजवळ तळाशी होती. ती अकरा वर्षे चालली. 'साइनफेल्ड'चा पहिला भाग चाचणी प्रेक्षकांनी कमकुवत ठरवला होता. आपल्याकडे दूरदर्शनची 'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी आली तेव्हा पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश जड झाला आणि प्रतिसाद थंड राहिला. मालिका बंद केली नाही, तिचे वळण बदलले. मनोहर श्याम जोशींनी त्या कुटुंबाची सुखदुःखे पुढे आणली, आणि वर्ष सरता सरता देश तिच्यासाठी थांबू लागला.

तर, एखादी नवी मालिका टिकेल का असे मला कुणी विचारले तर मी पहिल्या भागावर काही बोलत नाही. चौथ्या आठवड्यात दोन गोष्टी पाहतो. घरातले लोक तिला नावाऐवजी वेळेने ओळखू लागले का? आणि फर्स्ट शिफ्टवरून सेकंडवर गेलेल्या माणसाच्या घरात ती चालू राहिली का? दोन्हीचे उत्तर होकारार्थी असेल तर ती वर्ष काढते. यात चूक होते तेव्हा बहुधा मधल्या काळात वाहिनीने तिची वेळ हलवलेली असते.

टिकणे म्हणजेच यश, असे मात्र मी मानत नाही. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी, लोक बघत असतानाच, संपली. ती अजून लोकांच्या बोलण्यात आहे. किती भागांची गोष्ट आहे हे सुरुवातीलाच सांगून मालिका आणली तर लेखकाला शेवट माहीत असतो, कलाकाराला आपले काम कधी संपणार ते कळते आणि गुरुवारची धास्ती निम्मी होते.

या दिवाळीतही नव्या मालिकांचे प्रोमो लागले असतील. वाहिन्यांच्या कार्यक्रम विभागांना माझी विनंती आहे की फोनवर बघणाऱ्या कामगार मुलांचे आकडे टीव्हीच्या आकड्यांशेजारी त्याच तक्त्यात मांडा, आणि काहीही झाले तरी पहिले तेरा आठवडे नव्या मालिकेची वेळ बदलू नका.